सिस्टरला विचारा : बाळासाठी घ्यायचं काय आणि टाळायचं काय

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. मी जुळे सोलापुरात राहतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. बायकोला आठवा लागलाय, डॉक्टरांनी एप्रिलअखेरची तारीख दिलीय. पहिलंच बाळंतपण आहे आणि ते इथंच करायचं ठरलंय. सासूबाई येऊन राहणार आहेत. पुण्याच्या मेहुणीनं तिच्या वेळची खरेदीची यादी पाठवली. बाटल्या, त्या निर्जंतुक करायचं यंत्र, बाबागाडी, लाकडी पलंग, कॅमेरा, पावडर-लोशनचा संच, काय काय. बेरीज चाळीस हजारांच्या पुढं जाते. आम्ही पंधरा हजार बाजूला काढलेत. बायको म्हणते, पहिल्या बाळाला काही कमी पडायला नको. आई म्हणते, आम्ही जुन्या लुगड्यांत वाढवली की पोरं. दोघींचंही मन मोडवत नाही. खरंच कशाला पैसे घालावेत?

उत्तर : पंधरा हजार पुरतात. विचार करून खर्च केला तर त्यातले बरेचसे उरतील, आणि उरलेले कुठं घालायचे तेही सांगते.

माझी सगळी नोकरी बाळंतिणींच्या वॉर्डात झाली. नातेवाइकांनी आणलेली भलीमोठी पिशवी खाटेखाली असते. उघडली की आत मोज्यांचे जोड, हातमोजे, टोप्या, खोक्यात बांधलेला पावडर-शाम्पू. आणि बाळानं शी केली की पुसायला एक मऊ फडकं सापडत नाही. मग बाळाची आत्या ओढणीचं टोक भिजवून आणते. हे मी इतक्या वेळा पाहिलंय, की बाळंतविड्याला काय आणू असं कुणी विचारलं, तर माझ्या तोंडून आधी फडकीच निघतात.

पहिल्या तीन महिन्यांत बाळ पितं, झोपतं आणि ओलं करतं. त्याच्या गरजा तेवढ्याच. सगळा ताण पडतो तो आईवर, आणि टाके ओले असताना रात्री चार वेळा उठणाऱ्या त्या बाईचा विचार यादी करणाऱ्यांच्या डोक्यात क्वचित असतो. तुम्ही कोणतीही वस्तू हातात घेतली की एवढंच बघा : हिच्यामुळं बाळंतिणीचं काम हलकं होणार, की सांभाळायला, धुवायला, चार्ज करायला आणखी एक गोष्ट घरात येणार?

सुरुवात लंगोटांपासून करते, कारण तुमचा खरा प्रश्न तिथं आहे. तान्ह्या बाळाला दिवसाला पंधरा-वीस लंगोट सहज लागतात, शिवाय दुपटी. उजनीचं पाणी आपल्या नळाला रोज येत नाही, हे सोलापूरकराला सांगायला नको. पुण्यामुंबईच्या यादीत हा हिशेब नसतो. तुमच्याकडं पाणी किती दिवसांनी येतं, टाकी केवढी आहे, बोअरचं पाणी आहे का, हे आधी बघा आणि मग ठरवा. माझं मत असं : दिवसा घरात सुती लंगोट, रात्री आणि बाहेर जाताना डायपर, आणि टाकी तळाला गेली असेल त्या दिवशी दिवसाही डायपर. यात पाप काही नाही. डायपरमुळं बाळाचे पाय फाकतात, चालायला उशीर होतो, असं आजूबाजूचे सांगतील. तसं काही होत नाही. अंगावर लाल चट्टे येतात ते ओला डायपर तासन्‌तास ठेवल्यामुळं. तीन-चार तासांनी बदला, शी झाली की लगेच. कंबरेपाशी दोन बोटं सहज आत जातील इतका सैल लावा, आणि नाळ गळेपर्यंत पुढची कड बेंबीच्या खाली दुमडा. सगळ्यांत लहान मापाचं एकच छोटं पाकीट आणा. बाळ महिन्याभरात त्यातून बाहेर पडतं आणि सवलतीत घेतलेले मोठे गठ्ठे तसेच राहतात. एक डायपर आठ-दहा रुपयांच्या खाली सहसा येत नाही. रात्रीचे दोन आणि मधेअधे एखादा धरला, तर महिन्याला हजाराच्या आत भागतं. वापरलेला डायपर कागदात गुंडाळून वेगळा द्या, घंटागाडीवरच्या माणसालाही हात आहेत.

लंगोट दोन-अडीच डझन असू द्यात. नवे विकत आणण्यापेक्षा सासूबाईंच्या जुन्या सुती साड्या आणि तुमच्या वडिलांची धोतरं असतील तर ती फाडून चौकोन करा. तुमच्या आईचं म्हणणं इथं शंभर टक्के बरोबर आहे. शंभरदा धुतलेल्या कापडाइतकं मऊ नवं कापड मिळत नाही. धुताना सुगंधी सॉफ्टनर टाकू नका, त्यानं कापड पाणी शोषत नाही. जंतुनाशकाचे टोपणंच्या टोपणं ओतू नका, बाळाची कातडी भाजल्यासारखी होते. साबण पुरता निघू द्या आणि कडक उन्हात वाळवा. उन्हाची आपल्याकडं कमी नाही, एप्रिलमध्ये गच्चीवर अर्ध्या तासात लंगोट खडखडीत वाळतो.

टॉवेलचं तर तुम्ही मला सांगायचं. विणीत किरकोळ दोष असलेला माल कारखान्यात स्वस्तात मिळत असेल तर हलके, कमी वजनाचे चार-पाच घ्या. जाड, भरगच्च टॉवेल बाळाला नको. तो वाळतही नाही लवकर. वापरायच्या आधी दोनदा धुवा. कारखान्यातून आलेल्या नव्या कापडावर फिनिशिंगचा थर असतो, पहिल्या दिवशी तो पाणी नुसतं सरकवतो. आणि लूप लांब असलेला टॉवेल तेवढा टाळा, बाळाच्या बोटांची नखं त्यात अडकतात. सोलापुरी चादर नाव राखून आहे, पण ती तान्ह्या बाळावर पांघरायची चीज नाही; जड होते. ती बाळंतिणीच्या अंथरुणावर घाला.

कपडे. तुमचं बाळ ऐन वैशाखात येणार. आपल्याकडं पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो आणि तरी मी वॉर्डात बाळांना कुंची, टोपडं, मोजे, वर दुपट्यात घट्ट बांधलेलं पाहिलंय. जन्मल्यावर पहिले एक-दोन दिवस डोकं झाकणं ठीक, बाळ कमी वजनाचं असेल तर आणखी काही दिवस. त्यानंतर भर दुपारी घरात पातळ सुती झबलं पुरे. उन्हाळ्यात गुंडाळलेल्या बाळाला अंग तापून ताप येतो, दूध कमी पडत असेल तर लवकरच येतो, आणि मग तपासण्या, सुया, भरती. बाळाला गरम होतंय की गार, हे हातापायांवरून ठरवू नका. हातपाय नेहमीच थोडे गार लागतात. पोटाला किंवा पाठीला हात लावून बघा. झबली पुढून उघडणारी, बंदांची, सहा-आठ. चाटी गल्लीत, नवी पेठेत मलमलची मिळतात; प्लास्टिकची चित्रं चिकटवलेली, मानेला टोचणारी लेस असलेली घेऊ नका. नवजात मापाचे कपडे जेमतेम घ्या. बारशाला ढिगानं येणारच आहेत, त्यांना आत्ताच सांगून ठेवा की सहा महिन्यांच्या पुढचं माप आणा. कूलर चालतो, हवा थेट अंगावर नको एवढंच.

झोपायला साधी, दाबली तर न खचणारी कापसाची गादी. बाळ पाठीवर झोपवायचं, डोक्याखाली उशी नाही, बाजूला मऊ खेळणी नाहीत, तोंडावर येईल असं पांघरूण नाही. डोकं गोल व्हावं म्हणून राईची उशी करतात ती नको. डोक्याचा आकार बाळ कडेवर, मांडीवर, अंगावर घेतल्यानं आणि पुढं पालथं पडायला लागल्यावर आपसूक सुधारतो. बाजारात बाळाभोवती लोडासारखी कड असलेले गुबगुबीत बिछाने मिळतात, ते तर मी फुकट दिले तरी घेणार नाही. नाक त्या कडेत रुतलं तर एवढ्याशा जिवाला मान फिरवता येत नाही. लाकडी पलंगाचे पैसे वाचवा. पाळणा हवाच असेल तर नात्यात कुणाकडं तरी माळ्यावर पडलेला असतोच, तो पुसून वापरा, कड्या आणि दोर तेवढे पारखून घ्या. साडीची झोळी जागेपणी, कुणीतरी समोर बसलेलं असताना चालेल. त्यात बाळाची हनुवटी छातीला टेकते, म्हणून रात्रभर नको. एका गोष्टीवर मात्र बिनदिक्कत खर्च करा : छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी. दोन-चारशे रुपयांत येते, तिच्यामुळं रात्री कॉइलचा धूर बाळाच्या फुप्फुसात जात नाही आणि डेंगीच्या दिवसांत दुपारच्या झोपेलाही उपयोगी पडते.

आता यादीतला मोठा आकडा. बाटली, तिची बुचं, तिचा ब्रश, ती उकळायचं यंत्र, ती कोमट ठेवायचं यंत्र, ती वाळवायचा स्टँड. हे सगळं एकट्या बाटलीच्या पाठीपाठी घरात येतं. बाटली आणली नाही तर बाकीचं आपोआप गळतं. जन्मल्यावर पहिल्या तासात बाळ अंगावर लावायचं, पहिलं पिवळसर घट्ट चीक टाकून द्यायचं नाही, आणि सहा महिने फक्त अंगावरचं दूध. पाणीसुद्धा नाही, अगदी आपल्या मे महिन्यातही नाही. आईच्या दुधात पुरेसं पाणी असतं, फक्त उन्हाळ्यात बाळ जास्त वेळा मागतं आणि आईनं तेवढं पाणी प्यायला हवं. पावडरचं दूध आणि बाटल्या यांची जाहिरात करायला आपल्या देशात १९९२च्या कायद्यानं बंदी आहे, २००३ साली तो कायदा आणखी कडक केला. पावडरच्या डब्यावर बाळाचं किंवा आईचं चित्र छापायलाही परवानगी नाही. कायद्याला एवढं करावं लागलं, त्यावरून समजा. ‘असू द्यावा घरात एक डबा’ म्हणून आणलेला डबा तिसऱ्या रात्री, बाळ रडतंय आणि दूध अजून नीट उतरलेलं नाही अशा वेळी, हमखास उघडला जातो. तिथून अंगावरचं दूध आटायला सुरुवात होते. पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन थोडं उतरतंच, दहा-चौदा दिवसांत भरून येतं. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा वेळा किंवा जास्त लघवी होत असेल आणि वजन चढत असेल, तर दूध पुरतंय. डॉक्टरांनी काही कारणानं वरचं दूध सांगितलंच, तर ते वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं, म्हणजे चोच असलेल्या छोट्या वाटीनं, द्यायचं. बोंडलं तुमच्या आईच्या फडताळात सापडेल. बाटलीचं बूच आतून साफ करणं अवघड. बोंडलं घासलं, उकळलं, झालं.

पावडर नको, बाळ तिचे कण नाकातून ओढतं, आणि घामोळ्यांवर ती घामात भिजून गोळे होते. शाम्पू, लोशन, अत्तर काही नको. एक सौम्य साबण, खोबरेल तेल, लाल चट्ट्यांसाठी झिंक ऑक्साइडचं एक मलम, कापसाची गुंडी. ओल्या पुसण्यांचं पाकीट फक्त प्रवासासाठी. नाळेला काहीही लावायचं नाही, कोरडी ठेवायची. अंकांचा थर्मामीटर मात्र जरूर घ्या. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा त्याहून जास्त ताप भरला, तर घरगुती उपाय न करता त्याच वेळी डॉक्टर गाठायचे. हे ठरवायला हाताचा अंदाज चालत नाही.

बाबागाडीबद्दल तुमची बायको नाराज होईल, पण ती चालवणार कुठं? आपल्या रस्त्यांना पदपथ आहेत तिथं दुकानं मांडलेली असतात. पुढं वर्षभराचं बाळ झालं की बघा. कार असेल तर गोष्ट वेगळी. बाळासाठी मागं तोंड करून बसवायची कारसीट ही महाग असली तरी घेण्यासारखी वस्तू आहे, आणि कुणाच्या अपघातातून गेलेली जुनी कधी घेऊ नये. गाडीत मूल पट्ट्याशिवाय असेल तर २०१९च्या सुधारित मोटार वाहन कायद्यानं हजार रुपये दंडही आहे. तुमच्याकडं दुचाकीच असेल, तर पहिले महिने दवाखान्याला रिक्षा करा. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर चालकाला बांधणारा पट्टा आणि हेल्मेट घालायचा नियम आहे आणि वेग चाळीसच्या आत. त्याहून लहान बाळाला दुचाकीवर न्यायचं म्हणजे आईनं एका हातानं बाळ आणि दुसऱ्या हातानं स्वतःला धरायचं. नको.

कॅमेरा, पायात घालायचा श्वास मोजणारा मोजा वगैरे दोन खोल्यांच्या घरात कशाला? आणि लसींसाठी बजेट काढलं असेल तर तेही बघा. बीसीजी, पोलिओ, कावीळ ‘ब’ जन्मल्याबरोबर. मग दीड, अडीच, साडेतीन महिन्यांना पाच रोगांची एकत्रित लस, पोलिओ, रोटाव्हायरस, आणि त्याच वेळापत्रकात न्यूमोनियाची लस. हे सगळं महापालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळतं. तिथल्या लशी त्याच दर्जाच्या असतात. कार्ड जपून ठेवा.

एवढं करून तुमचे सहा-सात हजार खर्च होतील. उरलेल्या पैशांत एक बाई लावा. बाळाला न्हाऊ घालायला म्हणत नाही मी, ते आजी करतील. दुपटी-लंगोट धुवायला, बाळंतिणीच्या ताटाची भांडी घासायला, दुपारी एक तास घर बघायला. साठ वर्षांच्या सासूबाई एकट्या पाणी भरणार, स्वयंपाक करणार, लंगोट धुणार आणि रात्री बाळ घेऊन बसणार असतील, तर पंधरा दिवसांत त्याच आजारी पडतील. तीन महिने दुपारची दोन तास सलग झोप मिळालेली बाळंतीण हे तुमच्या बाळासाठी विकत घेता येणारं सगळ्यांत चांगलं सामान आहे. बाई मिळाली नाही तर रजा काढून ते काम तुम्ही करा. मार्चअखेरचे हिशेब तोवर संपलेले असतील. आणि बायकोला पुढून उघडणारे दोन-तीन गाऊन, पाजताना आधार देणारे सुती ब्रा आणि एक मोठा पाण्याचा तांब्या एवढं तिच्यासाठी म्हणून वेगळं आणा. सगळे बाळासाठी आणतात.

•

प्रश्न : सिस्टरबाई, मी बाळीवेशीत राहते. नातू दोन महिन्यांचा झाला. सून शिकलेली आहे, चांगली आहे, पण घुटी देऊ देत नाही, काजळ लावू देत नाही, न्हाऊ घातल्यावर धुरी देऊ देत नाही. औषधाच्या दुकानातून तयार गुटीची बाटली आणली, तीही कपाटात ठेवून दिली. पोटात दुखलं की बाळ तासभर रडतं. चार पोरं वाढवली मी. माझं काही चुकतंय का?

उत्तर : आक्का, तुमच्या मायेत काहीच चुकत नाही. घुटीपुरती मी सुनेच्या बाजूची आहे.

सहाणेवर वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, बदाम, खारीक, जायफळ यांचे वेढे द्यायचे, हे मी माझ्या आईच्या हातानं बघितलेलं आहे. ती देताना बाळ हातात घ्यायचं, बोलायचं, ते सगळं फार गोड असतं. अडचण अशी, की वेढा जड पडला की हलका, हे मोजता येत नाही. जायफळ जास्त झालं तर बाळ गुंगतं आणि आपल्याला वाटतं, बरं वाटलं म्हणून झोपलं. सहाण, पाणी, वर्षानुवर्षं डब्यात ठेवलेली मुळं यांतून जंतू जातात ते वेगळंच. आणि घुटी मधात कालवत असाल तर ते आधी बंद करा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध कधीच नाही. त्यातल्या एका जंतूच्या बीजांमुळं बाळ लुळं पडू शकतं. तयार बाटलीनं किंवा ग्राइप वॉटरनं पोटदुखी थांबते याला काही आधार नाही. ती बाटली कपाटातच राहू द्या.

दोन-तीन महिन्यांपर्यंत संध्याकाळचं रडणं पुष्कळ बाळांना असतं, मग आपोआप कमी होतं. पाजल्यावर खांद्यावर उभं धरून पाठ चोळायची, पाय पोटाकडं दुमडून हळूहळू हलवायचे, अंधाऱ्या खोलीत अंगाला लावून फेऱ्या मारायच्या. हे तुमच्याइतकं चांगलं कुणाला जमणार? रडणं थांबतच नसेल, उलटी हिरवी होत असेल, पोट फुगलं असेल किंवा दूध घेत नसेल, तर मात्र थेट डॉक्टर.

काजळात शिसं असू शकतं, आणि बोटानं डोळ्याच्या कडेला ओढताना डोळे येतात. दृष्ट लागायची भीती असेल तर तळपायाला तीट लावा, सुनेला ते चालेल. धुरी अजिबात नको; ओवा-वावडिंगाचा धूर असो की शेगडीचा, बाळाच्या छातीला तो धूरच. न्हाऊ घातल्यावर कोरड्या टॉवेलात घेऊन लगेच आईच्या छातीशी द्या, ऊब तिथं मिळते.

मालिश मात्र खुशाल करा, ती सुनेनंही तुमच्याकडून शिकावी. खोबरेल तेल, हलका हात, बाळ भुकेलं नसताना. नाकात-कानात तेल नाही, आणि मुलाची छाती पिळायची पद्धत आहे ती नाही. जन्मल्यावर आईच्या संप्रेरकांमुळं छातीला गाठ येते, ती आपली जिरते. पिळली तर पू होतो. तळपायाला काशाच्या वाटीनं तूप घासायचं असेल तर जरूर घासा.

•

प्रश्न : मी शिक्षिका आहे, रोज एसटीनं अक्कलकोटला जाते. रजा संपत आलीय, मुलगी पाच महिन्यांची आहे आणि पूर्णपणे अंगावर आहे. दूध काढायचा पंप घ्यावा का? की आता वरचं दूध सुरू करू? सासूबाई सांभाळणार आहेत.

उत्तर : पंप घ्या. तुमच्यासारखीला तो पैसे वसूल करून देतो. घरी बसणाऱ्या बाईला त्याची गरज नसते. तुम्ही मात्र सकाळी निघून संध्याकाळी परतणार, मधे दूध काढलं नाही तर छाती दगडासारखी होईल, ताप येईल आणि हळूहळू दूध आटेल. हातानं चालणारा साधा पंप आधी वापरून बघा. दिवसातून दोनदाच काढायचं असेल तर तो पुरतो आणि शाळेत वीज गेली तरी अडत नाही. रोज घाई होत असेल तर विजेचा. दुसऱ्या बाईनं वापरलेला पंप घेऊ नका, त्याच्या आतल्या नळीत दूध शिरलेलं असतं आणि ते धुता येत नाही. सुटे भाग रोज घासून उकळायचे.

रुजू व्हायच्या दोन आठवडे आधी सुरू करा. पहिल्या सकाळच्या पाजण्यानंतर एका बाजूचं काढून ठेवायचं. पहिल्या दिवशी चमचाभर निघालं तर घाबरू नका.

साठवणुकीत पुस्तकातला आकडा आपल्याकडं जपून वापरा. काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं ते पंचवीस अंशांच्या आसपास. मार्चनंतर सोलापुरात, तेही एसटीच्या खिडकीपाशी, तो हिशेब चालत नाही. बर्फाची पाकिटं घातलेली छोटी थंड पिशवी घ्या, घरी आल्यावर दूध फ्रिजच्या आतल्या बाजूला ठेवा, दारात नको. तिथं चार दिवसांपर्यंत टिकतं. देताना गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून कोमट करायचं. गॅसवर उकळायचं नाही, मायक्रोवेव्ह नाही. सासूबाईंना वाटी-चमच्यानं पाजायला आत्ताच शिकवा, आणि सराव तुम्ही घरात नसताना करू द्या. तुम्ही समोर असलात तर मुलगी चमचा घेणारच नाही.

मुख्याध्यापकांकडं कडी लागणारी एक खोली मागा. संकोच करू नका, संगणक कक्ष असो की ग्रंथालयाचा कोपरा. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय करायचं बंधन २०१७पासून कायद्यात आलंय; तुमच्या शाळेला ते लागू होणार नाही कदाचित, पण दार लागणारी खोली कुठल्याही शाळेत निघते. सहा महिने पुरे झाले की दुपारी मूगडाळ-तांदळाचं खिमट, नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं केळं सुरू होईल आणि दुधाचा ताण हलका होईल. डब्यातलं तयार अन्न आणू नका; त्याच पैशांत दोन महिन्यांची डाळ येते.

•

प्रश्न : आजोबांनी सात महिन्यांच्या नातवासाठी वॉकर आणलाय. वापरावा का?

उत्तर : नाही. वॉकरमुळं मूल लवकर चालत नाही, उलट रांगण्याचा आणि धरून उभं राहण्याचा सराव बुडतो. त्याहून मोठा धोका म्हणजे चाकांवर ते एका क्षणात उंबऱ्यापलीकडं, जिन्यापाशी, चहाच्या पातेल्यापर्यंत पोचतं. कॅनडानं २००४ साली वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली, ती असल्याच अपघातांमुळं. आजोबांना वाईट वाटू नये म्हणून दुसरं काम सांगा : जमिनीवर सतरंजी टाकून, भोवतीच्या टोकदार वस्तू उचलून, रोज संध्याकाळी नातवाला समोर खेळवायचं. खेळणं आणायचं असेल तर आयएसआय चिन्ह बघून आणायचं, ते २०२१पासून सक्तीचं आहे, आणि तोंडात अख्खं जाईल असं काही नको. वॉकर शेजाऱ्यांना देऊ नका, त्यांच्याही घरात जिना असेल. चाकं काढून भंगारात द्या.